चार रविवारांचे धडे

मार्गशीर्षातील थंडी बडोद्यास उतरू लागली म्हणजे मांजलपुरातील आमच्या वसाहतीत संध्याकाळची दारे लवकर लागू लागतात. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या जुन्या भागांतून, वाड्यांच्या वाटण्या होऊन, जी मराठी कुटुंबे शहराच्या दक्षिणेकडे सरकली त्यांतलेच आमचे एक. देवघरात खंडोबाचा टाक, वरणात गूळ आणि बोलण्यात निम्मी गुजराती, असा आमचा संसार येथे कित्येक वर्षे सुखाने चालला आहे. समोरच्या घराच्या सज्जात मात्र नोव्हेंबर संपता संपता एक कागदी चांदणी टांगली जाते. ते घर मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे, मूळचे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने त्या जिल्ह्यातील शाळांतून आयुष्यभर मराठी शिकविले आणि यजमान वारल्यावर त्या मुलाकडे बडोद्यास आल्या. वसाहतीत त्यांचे नाव कोणी घेत नाही. लहानथोर सारे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणतात.

एके वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बाईंनी नातवाकरवी आम्हांस बोलावणे पाठविले. डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊनही त्यांना छापील अक्षर लागेनासे झाले होते. “भाऊ, पुढचे चार रविवार संध्याकाळी येऊन मला एकेक धडा वाचून दाखवाल का?” त्यांनी विचारले. मुलगा पाळीच्या कामावर, सुनेचे शिक्षण गुजरातीतून, आणि नातवंडे मराठी वाचतात ती एकेक अक्षर चाचपत. उपासनेचे धडे त्या गुजरातीत किंवा इंग्रजीत ऐकत. “अर्थ कळतो हो, पण कानाला ओळखीचे लागत नाही,” असे त्या म्हणाल्या. आम्ही जरा घुटमळलो. आमचे कुलदैवत जेजुरीचे. त्यांचा धर्मग्रंथ त्यांच्या घरात बसून आम्ही वाचावा हे त्यांच्या मंडळींना रुचेल किंवा नाही, असे आम्ही बोलून दाखविले. बाई हसल्या. “वाचणाऱ्याने विश्वास ठेवलाच पाहिजे अशी अट नाही. ऐकणारी मी आहे ना!”

या चार रविवारांविषयी आमच्या बहुतेक वाचकांना माहिती नसेल, म्हणून थोडे सांगतो. नाताळापूर्वीचे चार रविवार मिळून जो काळ होतो त्याला मराठी ख्रिस्ती मंडळी ‘आगमनकाळ’ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी त्याचा आरंभ होतो. पुष्कळ घरांत आणि देवळांत हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या बसवितात आणि दर रविवारी एक-एक वाढवीत लावतात. ही चाल एकोणिसाव्या शतकातील जर्मनीची. बाईंच्या लहानपणी त्यांच्या गावी तसले काही नव्हते; होते ते फक्त धडे. शास्त्रातील जुन्या संदेष्ट्यांनी ‘तो येईल’ म्हणून जे सांगून ठेवले, ते एकामागून एक वाचावयाचे. इंग्लंडात ट्रूरो येथे १८८० साली नाताळच्या पूर्वसंध्येला असे नऊ धडे आणि मध्ये गीते अशी उपासना झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८ पासून ती चालविली आणि पुढे नभोवाणीमुळे ती जगभर गेली. पण धड्यांची मूळ परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे.

पहिल्या रविवारी आम्ही यशया वाचला. बाईंची प्रत जुन्या भाषांतराची, कडा झिजलेली, पानापानांवर शिसपेन्सिलीच्या खुणा असलेली. आम्हांस वाटले होते की भविष्य म्हणजे काही आकाशवाणीसारखे, गूढ आणि गंभीर प्रकरण असेल. निघाले ते राजकारण! इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यरुशलेमात आहाज नावाचा राजा होता. शेजारचे दोन राजे एक होऊन त्याच्यावर चालून आले. वेढा पडला तर पाण्याचे काय, या विवंचनेत असावा. तो पाटाच्या तोंडाशी असताना यशया आपल्या मुलाला बरोबर घेऊन त्याला गाठतो. भिऊ नको, अश्शूरच्या बलाढ्य राजाचे पाय धरू नको, असे त्याला बजावतो. आहाज ऐकत नाही. तेव्हा यशया त्याला खूण सांगतो : एक तरुणी पुत्राला जन्म देईल आणि त्याचे नाव इम्मानुएल असेल, म्हणजे ‘देव आमच्यासवे’.

येथे आमच्यातील चिकित्सक जागा झाला. ही खूण आहाजाच्या काळातली की सातशे वर्षांनंतरची? बाईंनी वर्गात समजावून सांगावे तसे सांगितले. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरकारांनी त्या जागी कुमारी असा शब्द घातला आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तोच धरून ती खूण येशूच्या जन्माला लावली. यहुदी विद्वान ती आहाजाच्याच काळातली मानतात. “आमचे लोक दोन्ही मानतात,” बाई म्हणाल्या. “घाबरलेल्या राजाला त्या दिवशी सांगितलेले खरेच. पण ते त्याच्याजवळ संपले नाही.” आम्हांस हे उत्तर आवडले. संदेष्ट्याच्या वचनाला पंचांगातल्या भाकितासारखे पाहू लागले की त्यातली निकड निघून जाते. वेढ्याच्या भीतीने कासावीस झालेल्या माणसाला सैन्याच्या ऐवजी एका अर्भकाचे नाव सांगावयाचे, यातला विलक्षणपणा आधी ध्यानात यावा लागतो.

ज्याची वाट पाहावयाची त्याला हिब्रूत ‘मशीहा’ आणि ग्रीकमध्ये ‘ख्रिस्त’ म्हणतात. दोहोंचा अर्थ एकच : ज्याला तेलाचा अभिषेक झाला आहे तो. त्या लोकांत राजाला तेल ओतून अभिषेक करीत. दावीद राजाची कथा त्यामुळे या सगळ्याच्या मुळाशी आहे. शमुवेल संदेष्टा नवा राजा शोधावयास बेथलेहेमी गेला. इशायाचे थोरले, उंचेपुरे मुलगे एकामागून एक पुढे आले. निवड झाली ती मेंढरांमागे रानात गेलेल्या धाकट्याची. बडोद्याच्या माणसाला या ठिकाणी कवळाण्याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील त्या खेड्यातून मुले आणविली आणि त्यांतून निवडलेला गोपाळ पुढे सयाजीराव महाराज झाला. आम्ही हे बोललो तेव्हा बाईंची नात एकदम म्हणाली, “पण महाराजांनी राज्य केले, तुमच्या येशूला तर कोणी गादीवर बसवलेच नाही!” बाई म्हणाल्या, “तोच तर धडा आहे. पुढच्या रविवारी ये.”

दुसरा धडा मीखाचा. हा यशयाचाच समकालीन, पण खेड्यातला. मोठ्या नगरांवर त्याचा राग. अधिपती येईल तो यरुशलेमातून येणार नाही, बेथलेहेमासारख्या, कुळांच्या यादीत जेमतेम जागा मिळालेल्या गावातून येईल, हे त्याचे म्हणणे. त्यानंतरच्या काळात जे घडले त्याने सारी आशाच पुसून जावी. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, लोकांना धरून नेले. सुटका झाली ती पन्नासेक वर्षांनी, आणि ती केली इराणच्या कोरेश राजाने. मौजेची गोष्ट अशी की यशयाच्या ग्रंथात या कोरेशालाच ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. तो यहुदी नव्हे, त्यांचा देव त्याला ठाऊक नव्हता. तरी मशीहा हाच शब्द त्याला लावला आहे. ज्या बडोदे संस्थानात नवसारी होती आणि १८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाण होते, तेथल्या वाचकांना इराणच्या राजाचा हा मान वाचून बरे वाटेल. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तारणारा आपल्यातलाच, आपल्या कल्पनेप्रमाणेच असेल, ही समजूत त्या ग्रंथाने तेव्हाच मोडून ठेवली होती.

त्या संध्याकाळी धडा आटोपल्यावर बाईंनी कपाटातून एक जाड ग्रंथ काढावयास सांगितला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत संपादून प्रसिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’. यजमानांचा हा आवडता ग्रंथ होता. आम्ही त्याचे नाव शाळेत असताना ऐकले होते. मराठीच्या इतिहासात फादर स्टीफन्सवर चार ओळी असतात त्या पाठ करून आम्ही परीक्षा दिली होती. ग्रंथ उघडून पाहिला नव्हता.

तो उघडल्यावर आम्हांस समजले की बाईंनी तो नेमका त्याच रविवारी का काढला. ‘ख्रिस्तपुराण’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे तो छापला गेला तेव्हा त्याला जे पोर्तुगीज नाव दिले होते, त्याचा अर्थ असा होतो : आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयी विवेचन, दोन भागांत. म्हणजे मराठीतील हा पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ आगमनाविषयीचाच! त्याचे दोन भाग आहेत. पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे. सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, पूर्वज, राजे, संदेष्टे, आणि या सर्वांमधून वाहत आलेले अभिवचन, असा त्याचा विषय. दुसऱ्या पुराणाचे अवस्वर एकोणसाठ, आणि त्यात येशूचे चरित्र. सगळ्या मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. त्यातला एवढा मोठा पूर्वार्ध केवळ वाट पाहण्याला दिला आहे, हे मनात धरण्यासारखे आहे. आजच्या एखाद्या लेखकाने तो भाग दहा पानांत उरकला असता.

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशरचा. जन्म १५४९. जेझुइट होऊन तो १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला आणि १६१९ साली तेथेच वारला. चाळीस वर्षांपैकी बहुतेक त्याने सासष्टीत घालविली. त्या काळाविषयी गोड गोड लिहिणे आम्हांस पटत नाही. सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांना लोकांनी ठार मारले. मागाहून पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलावून घेऊन त्यांचा वध केला. अशा मातीत हे पुराण उगवले. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आमच्या मनाला रमविणारे, आमच्या भाषेतले दुसरे काहीतरी द्या. या प्रसंगावर आम्ही बराच वेळ थांबलो. पोथी हिरावून घेतलेल्या माणसाची ती मागणी आहे. स्टीफन्सच्या भाविकपणाविषयी किंवा मराठीवरील त्याच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. पण त्या ब्राह्मणाच्या तोंडचे शब्द वाचताना ग्रंथाखालची राख हाताला लागते.

आणि तरीही ग्रंथ असा उतरला की पोथीसमोर बसून ऐकावा. नमनाने आरंभ, ओवीचा ओघ, मध्येच श्रोत्याने काढलेली शंका आणि पाद्रीने दिलेले उत्तर, स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ हाच शब्द! एकनाथ महाराज १५९९ साली गेले. त्यांच्यानंतर सतराच वर्षांनी एका इंग्रजाने ही ओवी छापली. छापली तीसुद्धा रोमन लिपीत, कारण गोव्यात देवनागरी खिळे नव्हते. १६०८ साली, म्हणजे तुकोबांचे जन्मवर्ष म्हणून जे मानले जाते त्याच साली, स्टीफन्सने आपल्या वरिष्ठांना रोमेस पत्र लिहून देशी अक्षरांचे खिळे करवून देण्याविषयी विनंती केली होती. जोडाक्षरांमुळे साचे सहाशेच्या घरात जातात ही अडचणही त्याने मांडली होती. खिळे आले नाहीत. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी असा हुकूम काढला. मूळ छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. पण हाताने केलेल्या नकला घेऊन गोव्याची ख्रिस्ती कुटुंबे कानडी मुलखात गेली, तेथे वाचीत राहिली, आणि अशा नकलांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. पुढे जस्टिन ॲबट या मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाने लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. बाईंच्या हातातला ग्रंथ असा चार शतकांचा फेरा करून मांजलपुरात आला होता.

“आमच्या घरात दोन पक्ष होते,” बाई सांगू लागल्या. “यजमान पुराणाचे, मी रमाबाईंची.” पंडिता रमाबाईंचे नाव मराठी वाचकाला सांगावयास नको. परंतु त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या कडेला पडून राहते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर ज्या मुलीने गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराणे सांगितली, तिनेच पुढे केडगावच्या मुक्ती सदनात बसून भाषांतरातून पुराणातले शब्द वेचून बाहेर काढले. संस्कृतप्रचुर शब्दांबरोबर जुना अर्थही चोरपावलांनी आत येतो, अशी त्यांची धास्ती होती, आणि वाचणार होत्या त्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या मुली. त्यांत १९०० सालच्या छप्पन्नाच्या दुष्काळात आपल्या या गुजरातेतून नेलेल्या मुलीही होत्या. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळविले आणि छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. काम पुरे होईतो आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती व ती फळास आली, असे त्यांच्या माणसांत सांगतात. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

तिसरा मार्ग नारायण वामन टिळकांचा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते स्टीफन्सप्रमाणे पुराणाकडे वळले नाहीत की रमाबाईंप्रमाणे पुराणापासून दूर सरले नाहीत. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड म्हणत आणि अभंगांतून त्याला आळवीत. त्यांनी घेतलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात साठांहून अधिक अध्याय घालून ते पुढे नेले, आणि ते प्रसिद्ध झाले १९३८ साली, त्यांच्याही निधनानंतर दोन वर्षांनी. बाईंच्या मते या घराण्यात वाट पाहण्याचा खरा अधिकार लक्ष्मीबाईंचाच. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्यांनी पाच वर्षे काढली आणि आपल्या पायांनी, आपल्या वेळी, १९०० साली त्या तिकडे गेल्या. या मालिकेत आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचेही नाव जोडतो. वसईच्या या धर्मगुरूंनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि २०२४ साली ते निवर्तले.

मराठीत वाट पाहणारे एवढेच नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज यहुदी धर्माचा आणि मराठी बोलीचा. यशया आणि मीखा हे त्यांचेच ग्रंथ. त्यांच्या दृष्टीने मशीहा अजून यावयाचा आहे. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या शेवटी असे सांगितले आहे की त्या दिवसापूर्वी एलिया परत येईल. हा एलियाहू हन्नबी त्यांच्या घरी फार जवळचा. अलिबागेजवळच्या खंडाळ्यास खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवितात, आणि शुभकार्याला गोड पोहे, खोबरे, फळे यांचा मलिदा करून त्याचे नाव घेतात. ख्रिस्ती लोक मात्र म्हणतात की तो एलिया बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. एकाच ग्रंथाचे शेवटचे पान, आणि दोन घरे त्याच्यापुढे दोन निरनिराळ्या दिशांनी बसलेली.

तिसऱ्या रविवारचा धडा या योहानाचाच. हा धडा आम्ही वाचला नसता तर हा लेखही लिहिला नसता.

योहानाने यार्देन नदीच्या काठी उभे राहून लोकांना सांगितले होते की जो यावयाचा तो आला आहे. सगळ्या संदेष्ट्यांत भाग्यवान तोच. इतरांनी नुसते सांगितले, त्याने बोट दाखविले. पुढे हेरोद राजाला त्याच्या अनाचाराबद्दल त्याने तोंडावर खडसावले आणि तुरुंगात पडला. जोसीफस या यहुदी इतिहासकाराने त्या किल्ल्याचे नाव मखेरस असे दिले आहे. मृत समुद्राच्या पूर्वेस तो आहे. तेथून योहान शिष्यांना येशूकडे पाठवितो आणि विचारतो की, यावयाचा होता तो आपणच, की आम्ही आणखी कोणाची वाट पाहावी? ज्याने बोट दाखविले त्यालाच संशय! शास्त्रकर्त्यांनी हा प्रसंग गाळला असता तर कोणाला कळलेही नसते. त्यांनी तो ठेवला.

येशू ‘होय’ म्हणत नाही. जे पाहता, ऐकता ते जाऊन सांगा, असे म्हणतो : आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, दरिद्र्यांना सुवार्ता मिळते. ही सगळी यादी यशयाची आहे. योहानाला ती तोंडपाठ असणार. आम्ही येथवर वाचले आणि बाईंनी हात वर करून थांबविले. “भाऊ, यशयाचा एकसष्टावा काढा.” काढला. तेथे दरिद्र्यांच्या सुवार्तेबरोबरच बंदिवानांच्या सुटकेचे वचन आहे. “हेच प्रकरण येशूने नासरेथच्या सभास्थानात स्वतः वाचले होते, बंदिवानांसकट. तुरुंगातल्या माणसाला निरोप पाठवताना मात्र नेमके तेवढे गाळले.”

आम्ही पुन्हा पाहिले. खरेच, ते एक वाक्य नव्हते. योहान सुटला नाही. पुढे त्याच तुरुंगात त्याचे मस्तक उडविले गेले.

“चाळीस वर्षे मुलांना गाळलेल्या जागा भरायला लावल्या,” बाई म्हणाल्या. “ही मला भरता आली नाही. यजमान दीड वर्ष अंथरुणावर होते. या खोलीत प्रार्थना थोड्या झाल्या नाहीत. दुसऱ्यांचे आजारी उठल्याच्या बातम्या मात्र येत होत्या.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “पण त्याला फसवले नाही, एवढे मला दिसते. सुटशील असे खोटे सांगितले नाही. दुसऱ्यांचे काय होते आहे ते कळवले.”

आमचे समाधान झाले नाही, आणि झाल्याचे ढोंग आम्ही तेव्हाही केले नाही. आंधळ्यांना दिसू लागल्याचे वाचताना, समोर बसलेल्या बाईंकडे पाहणे आम्हांस जड गेले होते. त्यांना ते जाणवले असावे. “माझ्या डोळ्यांचे मनावर घेऊ नका,” त्या म्हणाल्या, “मी लोकांचे डोळे लावून वाचते आहेच की!” आणि सुनेला चहा टाकण्यास सांगितले. मत्तयाने या गोष्टीत एक वाक्य आणखी ठेवले आहे, ज्याला माझ्यामुळे ठेच लागत नाही तो धन्य, अशा अर्थाचे. आजवर आम्ही ते अहंकाराचे समजलो असतो. त्या संध्याकाळी ते विनवणीसारखे वाटले. ज्यांच्याकरिता काही करता आले नाही त्यांना उद्देशून बोलावे, तसे.

चौथ्या रविवारी आम्ही गेलो तो ग्रंथ बाईंच्या नातीपुढे उघडलेला. सज्जातल्या चांदणीत दिवा लागला होता, आतून करंज्या तळल्याचा वास येत होता. धडा लूकाचा होता : चाळीस दिवसांच्या बाळाला घेऊन आईबाप मंदिरात येतात, श्रीमंतीची कोकरे परवडत नाहीत म्हणून त्यांनी पारव्यांचे अर्पण आणलेले. त्या गर्दीत त्यांना ओळखतात ती फक्त दोन म्हातारी माणसे, शिमोन आणि हन्ना. याजकांना पत्ता नाही, पहारेकऱ्यांना नाही. रीतीने पाहता हे वाचन नाताळाच्या नंतरचे. आम्ही तसे म्हटले. “माझ्या घरी माझा क्रम,” बाई म्हणाल्या. “आणि आज तुम्ही ऐकावयाचे, भाऊ. ती वाचणार आहे.”

नात वाचू लागली. शिमोनापर्यंत ती अडखळत का होईना, पोहोचली. हन्नापाशी आल्यावर मात्र फनूएल या नावावर गाडी अडली. तिने तीनदा प्रयत्न केला, एकदा गुजराती वळणाने, एकदा इंग्रजी वळणाने. तिचा धाकटा भाऊ फिदीफिदी हसला. बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून ते नाव सुटे करून सांगितले, मग जोडून सांगितले, मग हन्नाच्या वैधव्याची वर्षे, मंदिरातला तिचा रात्रंदिवसाचा मुक्काम, सारे आपल्याशीच पुटपुटत नातीच्या एक शब्द पुढे चालू लागल्या. नात एक शब्द मागून. पान संपले तेव्हा मुलीने मान वर करून विचारले, “आजी, पुढचे वाचू?”

“वाच,” बाई म्हणाल्या, आणि आमच्याकडे करंज्यांची बशी सरकवली.